पाकिटं, मशाली आणि टेलिटाइप

शनिवार, ६ जानेवारी १९६८. अंधार पडलाय आणि तुम्ही कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये, एनबीसी वाहिनीच्या स्टुडिओकडे निघालेल्या मोर्च्यात आहात. आजूबाजूला मशाली आहेत. पुढच्या मुलाच्या फलकावर ‘व्हल्कन पॉवर’ असं लिहिलंय. फी कमी करा किंवा परीक्षा पुढे ढकला, अशी कुणाची मागणी नाही. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका बंद करू नका, एवढंच मागणं आहे.

बरोबरची बहुतेक मुलं कॅलटेक या तंत्रशिक्षण संस्थेची. ग्रहांकडे यानं धाडणारी जेपीएल प्रयोगशाळा यांचीच संस्था चालवते. खऱ्या यानांच्या सावलीत शिकणारी ही पोरं एका कल्पित यानासाठी जानेवारीच्या थंडीत चालत आली आहेत. कान दिलात तर प्रत्येकाचं कारण वेगळं ऐकू येईल. कुणाला मालिकेतल्या व्हल्कन ग्रहाच्या स्पॉकचा थंड डोक्याचा तर्क भावतो. कुणाला एंटरप्राइज या यानाच्या नियंत्रण कक्षात उहुरा, सुलू आणि चेकॉव्ह हे अधिकारी शेजारी शेजारी बसलेले बघून धीर येतो. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकन मालिकेत चेकॉव्ह हा रशियन अधिकारी आपलं काम चोख करतो आहे, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

आता काही आठवडे मागे या आणि एका घरात शिरा. टेबलभर पाकिटं, तिकिटं, सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांची चळत. बीजो आणि जॉन ट्रिंबल हे नवरा-बायको स्टुडिओला भेट देऊन आले, तेव्हा त्यांना कुणकुण लागली की दुसऱ्या हंगामानंतर मालिका गुंडाळणार. त्यांनी हळहळत बसण्याऐवजी टपाल हाती घेतलं. नियम सोपा होता: पत्र मिळालेल्याने स्वतः वाहिनीला लिहायचं आणि आणखी दहा जणांना लिहायला लावायचं. निर्माते जीन रॉडनबेरी यांची मदत पडद्याआडून होती, हे पुढे उघड झालं. त्यामुळे मोहीम खोटी ठरते असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. हाक कुणीही दिली असो, पत्र लिहिणाऱ्याने तिकीट स्वतःच्या पैशाने लावलं आणि शब्द स्वतःचे लिहिले. एनबीसीने नंतर सांगितलेला आकडा सुमारे १ लाख १६ हजार पत्रांचा होता.

१ मार्च १९६८, शुक्रवारची रात्र. एका दिवाणखान्यात तुम्ही दूरचित्रवाणी संचासमोर बसला आहात. भाग संपतो, नावं सरकतात आणि निवेदकाचा आवाज येतो: मालिका पुढे चालू राहणार आहे. शेजारची पोरगी सोफ्यावर उभी राहून ओरडते. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे आणि सांगता येत नाही. तिसरा हंगाम शुक्रवारी रात्री दहाला ढकलला जाईल, म्हणजे तरुण मुलं घराबाहेर असतील नेमक्या त्या वेळी. रॉडनबेरी रोजच्या कामातून अंग काढून घेतील, पैसा आटेल, कथा पातळ होतील, आणि ३ जून १९६९ला शेवटचा नवा भाग दाखवला जाईल. तरीही ही मोहीम जिंकली, असंच मी म्हणेन. तीन हंगाम मिळून ७९ भाग झाले, म्हणूनच स्थानिक वाहिन्यांना ते रोज एक या हिशेबाने पुन्हा पुन्हा दाखवता आले आणि खरा प्रेक्षक तेव्हा जमला. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी कप्तान कर्क आणि स्पॉक आपल्याकडेही आले, ते याच शिदोरीतून.

पण मला तुम्हाला सर्वांत जास्त वेळ जिथे थांबवायचंय ते ठिकाण पुढे आहे. साल १९७३, एका अमेरिकन शाळेतली खोली. कोपऱ्यात टेलिटाइप मॉडेल ३३ हे छापणारं यंत्र खडखडतंय; त्यावर पोरं ‘स्टार ट्रेक’चा संगणक-खेळ खेळताहेत. पडदा नाही. कागदाची गुंडाळी आहे, फक्त कॅपिटल अक्षरं आहेत आणि सेकंदाला दहा अक्षरं हा वेग आहे. संगणक दुसरीकडेच, टेलिफोनच्या तारेपलीकडे. खुर्चीवर बसा. कळा जोराने दाबाव्या लागतात.

कागदावर आठ बाय आठ घरांचा अवकाश उमटू लागतो. छापून पूर्ण व्हायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतं, तोवर सगळी पोरं श्वास रोखून ओळीमागून ओळ बघतात. तारा म्हणजे एक फुली. दोन कोनी कंसांत फुली, ते तुमचं एंटरप्राइज. तीन अधिक चिन्हं ओळीने आली की तो क्लिंगॉन, म्हणजे शत्रू. असे ६४ चौकोन मिळून आकाशगंगा होते. दूरचं पाहायचं असेल तर यंत्र तीन आकडी संख्या छापतं: शतकाच्या जागी क्लिंगॉन, दशकाच्या जागी तळ, एककाच्या जागी तारे. २१५ दिसलं की दोन शत्रू, एक तळ, पाच तारे. हे एकदा अंगवळणी पडलं की तुम्ही संख्या वाचत नाही, थेट आकाश बघता.

टॉर्पेडो दहा, ऊर्जा ३०००. ढाल सुरुवातीला शून्यावर; ती चढवायची तर याच साठ्यातून. दिशाही आकड्यातच: उजवीकडे १, वर ३, डावीकडे ५, खाली ७. क्लिंगॉन उजवीकडे चार घरं आणि वर दोन घरं असेल तर उत्तर १.५. मागे उभी मुलगी पेन्सिलीने कागदावर चौकटी आखून हिशेब करते आहे, कारण चुकलेला टॉर्पेडो परत मिळत नाही. तुम्ही १.५ टाइप करता. यंत्र टॉर्पेडोचा मार्ग घराघराने छापतं. मग खडखडाट थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि क्लिंगॉन नष्ट झाल्याची ओळ येते. खोलीत टाळ्या पडतात.

हा खेळ कुठल्या कंपनीने विकायला काढला नव्हता. १९७१मध्ये माइक मेफील्ड या शाळकरी मुलाने तो अर्व्हाइनच्या विद्यापीठातल्या संगणकावर बेसिक भाषेत लिहायला घेतला. पुढे एचपीच्या संगणकासाठी त्याने तो पुन्हा लिहिला आणि कंपनीच्या सार्वजनिक संग्रहातून तो वाटेल त्याला मिळू लागला. डेव्हिड अॅल यांनी १९७३च्या आपल्या पुस्तकात तो छापला, बॉब लीडम यांनी १९७४मध्ये त्यावर मेहनत घेऊन तो सुधारला, आणि तोच १९७८च्या ‘बेसिक कॉम्प्युटर गेम्स’मध्ये ‘सुपर स्टार ट्रेक’ म्हणून आला. दहा लाख प्रती खपलेलं पहिलं संगणक-पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं.

कट्टर चाहत्यांचा या खेळावर एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. ‘द डेव्हिल इन द डार्क’ या भागात खाणीतला राक्षस म्हणजे पिल्लांना जपणारी आई निघते आणि बंदुका खाली येतात. अशा मालिकेच्या खेळात फक्त गोळीबारच का? तरी मला वाटतं, मेफील्डने मालिकेचा एक गाभा अचूक पकडला: कप्तान होणं म्हणजे अपुऱ्या साठ्यातून निवड करणं. ढाल की वेग, इतकाच प्रश्न, आणि उत्तराची जबाबदारी तुमची. मालिकेबद्दलचं इतकं नेमकं मत त्या काळच्या कुठल्या परीक्षणात असेल, तर मला ते वाचायला आवडेल.

जाता जाता १७ सप्टेंबर १९७६, पामडेल. नासाचं पहिलं स्पेस शटल हँगरमधून बाहेर ओढलं जातंय. त्याचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरलं होतं. चाहत्यांनी व्हाइट हाउसवर पत्रांचा पाऊस पाडला आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ते ‘एंटरप्राइज’ केलं. मालिकेतले कलाकार समोर उभे आहेत. हे यान अवकाशात मात्र कधीच गेलं नाही. त्याला खरी इंजिनं आणि उष्णतारोधक कवच नव्हतं, चाचणीच्या उड्डाणांसाठी ते बनवलं होतं.

परत आल्यावर एक करा. ‘सुपर स्टार ट्रेक’चा प्रोग्राम आजही सहज मिळतो, काहीशे ओळींचा आहे. उतरवून घेऊन नुसता चालवू नका. घरातल्या मुलाला शेजारी बसवून ओळ न् ओळ स्वतः टाइप करा, चुका शोधा, आणि एखादा नियम पटला नाही तर तो बदला. बॉब लीडम यांनी तेच केलं होतं.