तळटीप १२ : एल्फिन्स्टन सर्कल

म्हणजे मुंबईच्या फोर्ट भागातले आजचे हॉर्निमन सर्कल. कोटाची तटबंदी होती त्या काळात इथे ‘बॉम्बे ग्रीन’ हे मोकळे मैदान होते आणि कापसाच्या गासड्यांची थप्पी तिथेच लागे. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० नंतरच्या दशकात, तट पाडले गेले. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा शहरात ओतला जात होता. त्याच सुमारास पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेतून मधोमध बाग व भोवती गोलाकार इमारती अशी रचना आकाराला आली. ती १८७२मध्ये पुरी झाली. इमारतींचे मालक निरनिराळे, पण दर्शनी भाग एकसारखे, आणि तळाशी सलग कमानदार वाट. पावसाळी शहराला याहून शहाणी रचना क्वचितच लाभली असेल. पूर्वेला डोरिक खांबांचा टाउन हॉल (१८३३) आहे, पश्चिमेला सेंट थॉमस कॅथेड्रल (१७१८). आजचे नाव ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे; पंजाबातील अत्याचारांविरुद्ध आवाज उठवणाऱ्या या इंग्रज पत्रकाराला सरकारने १९१९मध्ये हद्दपार केले होते. लेखकाने सर्वत्र जुनेच नाव वापरले आहे, ते तसेच ठेवले आहे.