आवाज वाढवताच मुका होणारा अॅम्प्लिफायर

मुंबईहून डहाणूकडे निघालेली गाडी चारोटीला राष्ट्रीय महामार्ग सोडते आणि गंजाडमार्गे किनाऱ्याकडे वळते. तोवर शंभरेक किलोमीटरांचा प्रवास झालेला असतो, एप्रिल-मेच्या उन्हाने डिकीचा पत्रा तापलेला असतो आणि गाणी अखंड चालू असतात. अशा वेळी आवाज थोडा वाढवला की ठेक्याचा घुमारा एकाएकी नाहीसा होतो. पुढचे स्पीकर वाजत राहतात. मागचा सबवूफर मात्र मुका होतो आणि काही वेळाने आपोआप पुन्हा वाजू लागतो. अॅम्प्लिफायर बिघडला असे समजून नवा घेण्याकडे अनेकांचा कल असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. स्वतःला आणि गाडीला वाचवण्यासाठी त्याने काम थांबवलेले असते. कारण कायम राहिले, तर नवा अॅम्प्लिफायरही तसाच बंद पडतो.

अॅम्प्लिफायरमधील संरक्षक मंडल मुख्यतः तीन गोष्टींवर नजर ठेवते : मिळणारा विद्युतदाब, वाहणारा प्रवाह आणि तापमान. त्यामुळे तो कसा बंद पडतो, यावरूनच निदानाला सुरुवात होते. प्रत्येक जोरदार ठोक्याला क्षणभर बंद पडून लगेच सुरू होत असेल, तर विद्युतदाब कमी पडत असण्याचा संभव अधिक. आवाज ठराविक पातळीवर जाताच संरक्षणाचा लाल दिवा लागून तो बंदच राहत असेल, तर स्पीकरची जोडणी तपासावी. वीस-तीस मिनिटे नीट वाजून मग थांबत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होत असेल, तर उष्णता हे कारण समजावे.

विद्युतदाबाची तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. पूर्ण भारित बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ असतो. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून आणि आवाज वाढवून हेच मोजमाप अॅम्प्लिफायरच्या टोकांवर घ्यावे. बॅटरीवर दाब टिकून आहे आणि अॅम्प्लिफायरवर तो घसरतो आहे, असे दिसले तर दोष वायरीत किंवा जोडांत आहे. बॅटरीवरच तो घसरत असेल, तर बॅटरी थकलेली आहे किंवा अल्टरनेटर अपुरा पडतो आहे.

वायरीची जाडी किती महत्त्वाची, हे एका हिशेबावरून कळते. ५०० वॉट खरी शक्ती देणाऱ्या आणि ८० टक्के कार्यक्षम असलेल्या अॅम्प्लिफायरला ६२५ वॉट लागतात, १२.५ व्होल्टला तो ५० अॅम्पिअर प्रवाह खेचतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर लांबीची तांब्याची वायर ४ चौरस मिलिमीटरची असेल, तर एक व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. तीच वायर २० चौरस मिलिमीटरची असेल, तर ही घट जेमतेम ०.२ व्होल्ट असते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अनेक संचांत तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर असते. तिचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा सुमारे दीडपट असल्याने ती अधिक जाड घ्यावी लागते.

अर्थिंगकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अर्थची वायर शक्य तितकी आखूड आणि मुख्य वायरीइतकीच जाड हवी. ती रंगावर न कसता, रंग खरवडून उघड्या केलेल्या चेसिसच्या पत्र्यावर घट्ट कसावी. डहाणूसारख्या किनारपट्टीच्या दमट, खारट हवेत हा जोड गंजतो आणि पावसाळ्यानंतर तक्रार सुरू होते. आवाज मोठा असताना अॅम्प्लिफायरचे ऋण टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंग नव्याने करावे.

दुसरे कारण स्पीकरच्या जोडणीत असते. चार ओहमची दोन कॉइल समांतर जोडली की भार दोन ओहमचा होतो. एकसर जोडली की आठ ओहमचा. अॅम्प्लिफायरचे दोन चॅनेल एकत्र करून वापरताना अनेक नमुन्यांना किमान चार ओहमचा भार लागतो. त्याहून कमी भार दिला, की प्रवाह मर्यादेबाहेर जातो. स्पीकरची वायर सोलली जाऊन पत्र्याला टेकत नाही ना, हेही पाहावे.

उष्णतेसाठी उपाय साधा आहे. अॅम्प्लिफायर गालिच्याखाली, सामानाखाली किंवा वूफरच्या पेटीला चिकटवून बसवू नये. त्याच्या पंखांभोवती हवा खेळती हवी. त्यावरील ‘गेन’चे बटण म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. ते प्रमाणाबाहेर फिरवले की ध्वनितरंगांचे माथे कापले जातात. आवाज फाटतो, अॅम्प्लिफायर आणि वूफरची कॉइल दोन्ही तापतात आणि अखेर कॉइल जळते.

हे सारे टाळून मोठा फ्यूज घालणे किंवा फ्यूजच्या जागी तार जोडणे हा सर्वांत घातक उपाय होय. फ्यूज असतो तो वायरीच्या रक्षणासाठी. तो वितळला नाही तर वायर तापते आणि गाडीला आग लागू शकते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत आणि वायरीच्या क्षमतेनुसारच असावा. वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे.

एवढे करूनही तक्रार राहिली, तर स्पीकरच्या वायरी काढून अॅम्प्लिफायर चालू करून पाहावा. भार नसतानाही लाल दिवा लागला, तर मात्र दोष अॅम्प्लिफायरच्या आतच आहे आणि तो जाणकार कारागिराकडे न्यावा. नवा विकत घेण्याचा विचार त्यानंतरच करावा.