घनफुटाने विकलेला दप्तरखाना

जुन्या नाशकातला आम्ही भाड्याने राहत होतो तो वाडा पाडला, तेव्हा जुन्या लाकडाचा व्यापारी मालकाला म्हणाला, "दगडमातीचं राहू द्या, लाकडाचं बोला." खांब, तुळया, कडीपाट सगळे घनफुटाने गेले. दगडी उथळ्यावर उभ्या खांबाला ओल लागली नव्हती. गाभ्यातल्या तेलामुळे वाळवीही फिरकली नव्हती. करवत लागताच वास दरवळला.

नाशिकला जवळचे सागाचे रान पश्चिमेला: पेठ, सुरगाणा आणि पलीकडे डांग. सागाला भरपूर पाऊस लागतो, पण मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. सावली सोसत नाही. शिवाय वर्षातले तीन-चार महिने कोरडे हवेत. तेव्हा तो पाने गाळतो, वाढ थांबवतो. पावसाळ्याबरोबर पुन्हा वाढू लागतो. म्हणून खोडात वर्षागणिक एक वलय उमटते.

या लाकडावर राज्यकर्त्यांची नजर जुनीच. आरमारासाठी सागवान स्वराज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावे, रयतेच्या आंबा-फणसाला मात्र तिच्या राजीखुशीशिवाय हात लावू नये, असे 'आज्ञापत्र' बजावते. पुढे मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची जहाजे बांधली. १८१७ची 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. १८४२ मध्ये इंग्रजांनी भिल्ल राजांकडून डांगचे जंगल भाडेपट्ट्याने घेतले. त्याच दशकात केरळात निलंबूरला कलेक्टर कॉनोलींनी साग लावायला घेतला, कारण तोडलेले रान आपसूक भरून येत नव्हते. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगले वाढली आणि रानातल्या माणसाची कुऱ्हाड गुन्ह्यात जमा झाली. आजही शेताच्या बांधावरचा स्वतःचा साग तोडायला महाराष्ट्रात परवानगी लागते.

हा सगळा इतिहास सरकारी कागदांतून कळतो. म्हणजे तोडणाऱ्याच्या बाजूने. रानाची बाजू लाकडात आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा माग काढला आहे. पेशवाईत उभारलेल्या वाड्याच्या तुळईत त्याआधीचे पावसाळे असणार.

मोडीचा एक कागद रद्दीत गेला तरी आम्ही हळहळतो. इथे अख्खा दप्तरखाना रंधून सोफ्यांचे पाय होतो. वाडे वाचवणे प्रत्येकाला परवडणार नाही, हे मी भाडेकरू म्हणून जाणतो. पण तुळई विकण्याआधी वाड्याचे नाव लिहून तिच्या टोकाची वीतभर चकती राखायला पैसे पडत नाहीत. आमच्या वाड्याची तशी चकती माझ्या टेबलावर आहे. भिंग घेऊन वलये मोजतो आहे. सालीकडचा भाग तासलेला असल्याने शेवटची वर्षे गेली आहेत. उरलेली एकशे अकरा भरली.