सुगरणीचा विद्यार्थी

सेसिल ऱ्होड्सच्या मृत्यूनंतर, १९०२ सालीं, ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्त्या निघाल्या. त्याच्या मृत्युपत्रांत अशी अट होती कीं, बाहेरदेशचा विद्यार्थी निवडतांना परीक्षेचे गुण तर पाहावेतच, पण मैदानी खेळांची आवड, चारित्र्य आणि नेतृत्व हींहि पाहावींत. हिंदुस्थानास हें दार १९४७ सालीं उघडलें. तोंवर आपल्या तरुणांच्या वर्गाबाहेरील उद्योगाचें मोल परदेशीं कोणी करावें?

सलीम अलींच्या बाबतींत तें बर्लिननें केलें. मुलगा असतांना मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळखण्यासाठीं ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत मिलर्ड यांच्याकडे गेले, आणि तेव्हां लागलेला पक्ष्यांचा नाद पुढें सुटला नाहीं. विद्यापीठाची पदवी नाहीं, म्हणून प्राणिसर्वेक्षण खात्यांतील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाहीं. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयांतील प्राध्यापक श्ट्रेझेमान यांनीं मात्र त्यांना हाताखालीं घेतलें.

१९३० मध्यें ते परतले, तों मुंबईच्या संग्रहालयांतील त्यांची व्याख्यात्याची जागा पैशाअभावीं रद्द झालेली! मग ते किहीमला येऊन राहिले, आणि त्या पावसाळ्यांत जवळच्या सुगरण पक्ष्यांची वसाहत न्याहाळीत बसले. आपण सुगरण म्हणतों खरें, पण घरटें विणतो तो नर. तें अर्धें झालें कीं माद्या येऊन पारखतात. एखादीला पसंत पडलें तर तो तें पुरें करून देतो, आणि लगेच दुसऱ्या मादीसाठीं नवें विणावयास घेतो. हीं निरीक्षणें १९३१ सालीं सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं.