स्वप्नाचा अर्थ कुणी सांगायचा?

“ताई, स्वप्नात दात पडला. घरात कुणाचं काही वाईट होणार का?” समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. माझ्या आजीकडे अशा प्रश्नांची उत्तरं तयार असत. पहाटेचं स्वप्न खरं होतं. कुणी मेलेलं दिसलं, तर त्याचं आयुष्य वाढतं.

दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस या ग्रीक स्वप्नज्ञाने पाच भागांचा ग्रंथ लिहिला. स्वप्न पाहणाऱ्याचं वय, धंदा, परिस्थिती तो विचारात घेई. अर्थ मात्र तो स्वतःच सांगे.

आमच्या व्यवसायात वेगळी वाट पडली, तिची तारीख आहे २४ जुलै १८९५. व्हिएन्नाबाहेरच्या बेलव्ह्यू या घरात सिग्मंड फ्रॉइडला स्वप्न पडलं. इर्मा नावाने त्याने पुढे वर्णन केलेली रुग्ण पाहुण्यांत उभी आहे. तिला खिडकीशी नेऊन तो तिचा घसा तपासतो. आत मोठा पांढरा डाग. मित्राने तिला इंजेक्शन दिलेलं, आणि सुई बहुधा अस्वच्छ होती. जागा झाल्यावर फ्रॉइडने स्वप्नाचा तुकडान् तुकडा घेतला आणि प्रत्येकावरून काय आठवतं ते लिहून काढलं. हाती आलं ते असं: तिच्या दुखण्याचा दोष आपल्यावर येऊ नये, ही त्याची इच्छा. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे आपल्याकडे म्हणतातच. मनी काय वसतं ते शोधायची रीत त्याने दिली. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक नोव्हेंबर १८९९मध्ये आलं. ६०० प्रती खपायला आठ वर्षं लागली.

पण दवाखान्यात अर्थ सांगायचा मोह त्यालाही आवरला नाही. जळत्या घराचं स्वप्न सांगणाऱ्या डोरा या तरुण रुग्णावर त्याने आपला अर्थ रेटला. ३१ डिसेंबर १९०० रोजी ती उपचार सोडून गेली. मला त्या इतिहासातला हाच सगळ्यात मोठा धडा वाटतो.

पुढे मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ पर्ल्स स्वप्न पाहणाऱ्यालाच स्वप्नातली एकेक वस्तू होऊन बोलायला लावू लागला. २००१मध्ये संशोधक बॅरी क्राको यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली पद्धत अशी, की दुःस्वप्न आपल्याला हवं तसं बदलायचं आणि जागेपणी रोज मनात घोळवायचं. ज्यांनी ते केलं, त्यांची दुःस्वप्नं कमी झाली.

दात पडल्याचं स्वप्न सांगणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, “दात म्हटल्यावर काय आठवतं?” बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, “बाबांची कवळी. शेवटच्या आजारपणात रोज रात्री मीच धुऊन वाटीत ठेवायचे.” आणि वर्षभरात पहिल्यांदा त्या वडिलांसाठी रडल्या.

घरात कुणी स्वप्न सांगितलं, तर लगेच अर्थ सांगू नका. त्यावरून काय आठवलं ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.