नगरच्या वरातीतला नाखवा

आमच्या नगरला समुद्र नाही. अहमदनगर म्हणा की आताचं अहिल्यानगर, या जिल्ह्याची ओळख दुष्काळ, ऊस आणि साखर कारखाने अशीच आहे. मुंबईचा किनारा इथून 200 किलोमीटरहून लांब. तरीही शाळेत असताना स्नेहसंमेलनात मी कोळी झालो होतो. डोक्यावर टोपी, कमरेला रुमाल आणि हातात पुठ्ठ्याचं वल्हं. घरी कोळीगीतांची कॅसेट लावून सराव चालायचा. त्यातला ‘नाखवा’ हा शब्द ऐकून अब्बा हसले आणि म्हणाले, “नाखवा नहीं रे, नाखुदा. नाव का खुदा, याने मालिक.”

तो शब्द डोक्यात राहिला. पुढं इतिहास वाचायला लागलो, तेव्हा त्याचा धागा थेट आमच्या गावापर्यंत आला.

महाराष्ट्राच्या घराघरात समुद्र पोहोचवला तो कोळीगीतांनी. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. ‘मी डोलकर’ लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गायलं. ‘वादळवारं’ आणि ‘राजा सारंगा’ ही गाणीही याच जोडीची. लोकगीताचा ठेका, कोळ्यांची बोली आणि स्टुडिओतला वाद्यमेळ. आज ज्याला कन्सेप्ट अल्बम म्हणतात, तसा एकच समुद्र आणि एकच किनारा या गाण्यांतून फिरतो. शांताबाईंचा जन्म 1922 चा, इंदापूरचा. म्हणजे त्याही आमच्यासारख्याच घाटावरच्या. पुढं वेसावकर मंडळींच्या कॅसेट आल्या आणि कोळीगीत गावोगावच्या वरातीत शिरलं.

आता या गाण्यांतले शब्द बघा. होडी, वल्हं, जाळं हे इथलेच. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, ते लावणारा डोलकर. पण दर्या फारसी. बंदर फारसी. सारंग म्हणजे गलबताचा म्होरक्या, मूळ फारसी ‘सरहंग’. खलाशी आणि तुफान अरबी. मराठी माणूस समुद्रावर प्रेमाचं गाणं म्हणतो, तेव्हा निम्मे शब्द अरबी समुद्रापलीकडचे असतात.

हे शब्द सुलतानांनी लादले, असं कुणी म्हणेल. नगरचा इतिहास वेगळं सांगतो.

मलिक अहमदनं 1490 मध्ये निजामशाही स्थापली आणि 1494 मध्ये हे शहर वसवलं. राजधानी कोरड्या पठारावर, पण राज्याचा श्वास समुद्रातून चालायचा. चौल हे निजामशाहीचं बंदर. इराणचे, अरबस्तानचे घोडे आणि माणसं तिथं उतरत, घाट चढून जुन्नर-नगरला येत. 1508 मध्ये याच चौलपाशी इजिप्त आणि गुजरातच्या आरमारानं पोर्तुगीजांना हरवलं. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशाहानं चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला, पण ते त्याला घेता आलं नाही. विजापूरची प्रसिद्ध मुलूख मैदान तोफ 1549 मध्ये ओतली गेली ती नगरात, आणि ओतणारा होता रूमी, म्हणजे तुर्की कारागीर.

सगळंच गौरवाचं नव्हतं, हेही सांगायला हवं. जंजिरा आधी कोळ्यांचा मेढेकोट होता. त्यांचा म्होरक्या रामपाटील. निजामशाहीच्या पिरमखानानं व्यापाऱ्याचं सोंग घेतलं, कोळ्यांना दारू पाजली आणि पिंपांत लपवलेले सैनिक बाहेर काढून बेट घेतलं, अशी आख्यायिका आहे. कथा तंतोतंत खरी असो वा नसो, कोळ्यांचं बेट नगरच्या सत्तेनं घेतलं ही आठवण तिच्यात आहे. ती लपवून आम्हाला इतिहास सांगता येणार नाही.

त्याच समुद्रानं मलिक अंबरलाही आणलं. इथिओपियात जन्मलेला, बगदादपर्यंत विकला गेलेला हा हबशी गुलाम दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेझखान यानं त्याला विकत घेतलं. 1600 मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर बुडती निजामशाही यानंच सावरली, 1626 मध्ये मरेपर्यंत. नगरचा सगळ्यात मोठा सेनानी समुद्रातून आला, तोही गुलाम म्हणून.

तेव्हा नाखवा, सारंग, खलाशी हे शब्द दरबाराच्या फर्मानानं आलेले नाहीत. ते धक्क्यावर आले. एकाच गलबतावर दोर ओढणाऱ्या, एकाच वादळात भिजणाऱ्या माणसांनी ते एकमेकांना दिले. त्यात कोळी होते, भंडारी होते, कोकणी मुसलमान होते, हबशी होते. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला. पण त्यांच्याच आरमारात दौलतखान होता आणि ‘दर्यासारंग’ हा किताबही होता. दोन्ही शब्द फारसी, आरमार स्वराज्याचं.

आज भाषा शुद्ध करायची घाई झालेली दिसते. गावांची नावं बदलतात, उद्या शब्दांची पाळी येईल. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की आधी कोळीगीतातून दर्या आणि बंदर काढून दाखवा. मग उरलेलं गाणं कोळ्यांनाच ऐकवा. ते आपलं म्हणतील का, बघा.

मागच्या महिन्यात मोहल्ल्यात एक वरात निघाली. बँडवाल्यांनी कोळीगीत धरलं आणि समुद्र न पाहिलेली पोरं वल्हं मारल्यासारखे हात फिरवत नाचू लागली. अब्बांची आठवण झाली. अब्बा, तुमचं चुकलं नव्हतं. नाखुदा हा शब्द फारसीच. पण चौलच्या धक्क्यावर उतरून तो कोळ्यांच्या तोंडी बसला, तेव्हा त्याचा नाखवा झाला. आणि नाखवा मराठी आहे.