रँग्लर घडविणारा राउथ

'रँग्लर' ही पदवी महाराष्ट्राच्या कानाला परकी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी या गावी जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत जॉर्ज बर्टविसल याच्या बरोबरीने पहिले आले आणि पुढे आयुष्यभर 'रँग्लर परांजपे' याच नावाने ओळखले गेले. त्यांच्या पंचवीस वर्षे आधी, १८७४ साली, बंगालचे आनंदमोहन बोस हे पहिले भारतीय रँग्लर झाले होते. ट्रायपॉस या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणारे ते सारे रँग्लर आणि त्यांतला अग्रणी तो सीनियर रँग्लर. या पदवीचा दबदबा सर्वांना ठाऊक आहे; परंतु तिच्यामागे खाजगी शिकवणीचा एक मोठा व्यवसाय उभा होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही.

आज आपल्याकडे गावोगावी 'कोचिंग क्लास' निघाले आहेत. हा 'कोच' शब्दही मुळात त्याच विद्यापीठीय जगातला. कोच म्हणजे घोडागाडी. हंगेरीतील कोच नावाच्या गावावरून तिला हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील विद्यार्थी आपल्या खाजगी शिक्षकाला थट्टेने 'कोच' म्हणू लागले. परीक्षेच्या मुक्कामी बिनचूक नेऊन पोचविणारी गाडी, हा त्यातला भाव. परंतु गाडी वेगाने हाकायची आणि घोडेही दमू द्यायचे नाहीत, हे कोचवानाचे खरे कसब. केंब्रिजच्या शिकवणीवाल्यांपुढेही हाच प्रश्न होता.

त्यांची गरज निर्माण झाली ती परीक्षेच्या स्वरूपामुळे. १८५४ च्या सुमारास ट्रायपॉस आठ दिवस चाले. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत, सेनेट हाऊसच्या भव्य दालनात, एकंदर चव्वेचाळीस तासांहून अधिक वेळ उमेदवार प्रश्न सोडवीत बसत. निकाल गुणानुक्रमे जाहीर होई आणि वरच्या क्रमांकावर महाविद्यालयाची फेलोशिप, म्हणजे पुढील चरितार्थ, बहुतांशी अवलंबून असे. प्राध्यापकांच्या व्याख्यानांचा या परीक्षेशी फारसा संबंध नसे. महाविद्यालयातील वर्गात हुशार आणि मंद असे सर्वच एकत्र बसत. तेव्हा ज्याला वरचा क्रमांक हवा, त्याने खाजगी शिक्षक गाठावा, हा शिरस्ता पडला. या शिक्षकाला विद्यापीठात कसलेही अधिकारपद नव्हते. त्याची सारी प्रतिष्ठा त्याच्या विद्यार्थ्यांच्या क्रमांकावर उभी असे.

या व्यवसायाला पहिली मोठी कीर्ती मिळवून दिली विल्यम हॉपकिन्स याने. तरुणपणी शेती करून पाहिल्यावर, वयाच्या तिशीच्या आसपास, तो विद्यार्थी म्हणून केंब्रिजला आला आणि १८२७ साली सातवा रँग्लर झाला. तो विवाहित असल्यामुळे त्या वेळच्या नियमांप्रमाणे त्याला फेलोशिप मिळू शकत नव्हती. म्हणून त्याने शिकवणी धरली. १८४९ पर्यंत त्याच्या हाताखालून सुमारे दोनशे रँग्लर बाहेर पडले आणि त्यांत सतरा सीनियर रँग्लर होते. स्टोक्स, केली, केल्व्हिन, मॅक्सवेल ही विज्ञानातील थोर नावे त्याच्या शिष्यपरंपरेतली. एवढे करून त्याने भूगर्भशास्त्रातही मोलाचे संशोधन केले. मात्र या कर्तबगार पुरुषाचा अंत करुण झाला. अखेरचे दिवस त्याने मनोरुग्णांच्या आश्रमात काढले आणि १८६६ साली तेथेच त्याला मृत्यू आला. मृत्यूच्या कारणांत उन्मादाबरोबर थकवा हाही शब्द नोंदला गेला. शिकविण्याच्या श्रमांचा त्यात किती वाटा होता, हे ठरविणे अवघड आहे. पण ज्या शब्दाने त्याची कहाणी संपते, तो शब्द विसरता येत नाही.

हॉपकिन्सच्या शिष्यांपैकीच एडवर्ड जॉन राउथ हा एक. त्याचा जन्म १८३१ साली कॅनडातील क्वेबेक येथे झाला. १८५४ च्या ट्रायपॉसमध्ये तो पहिला आला आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुसरा. पीटरहाऊस महाविद्यालयातील स्टील या शिक्षकाचा १८५५ साली अकाली मृत्यू झाला आणि त्याच्या विद्यार्थ्यांना शिकविण्याचे काम राउथकडे आले. त्याच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी चार्ल्स बॅरन क्लार्क १८५६ साली तिसरा रँग्लर झाला. हाच क्लार्क पुढे बंगालच्या शिक्षणखात्यात अधिकारी झाला आणि भारतातील वनस्पतींचा अभ्यासक म्हणून नावाजला. तेथून १८८८ पर्यंत राउथने सहाशेंहून अधिक विद्यार्थ्यांना शिकविले. त्यांतले पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर झाले. सलग वीस वर्षांहून अधिक काळ पहिला क्रमांक त्याच्याच विद्यार्थ्याकडे जात राहिला. रॅले, लार्मर, जे. जे. थॉमसन, जॉर्ज डार्विन हे सारे त्याचे शिष्य.

तेहतीस वर्षे हा भार त्याने पेलला तो व्यवस्थेच्या बळावर. विद्यार्थ्यांचे तो कुवतीप्रमाणे गट पाडी. एका गटात साधारण दहा जण. प्रत्येक गटाला आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी, एक तास तो शिकवी. याचा हिशेब साधा आहे. दहा विद्यार्थ्यांना एकेकट्याने तीन तास द्यायचे म्हणजे आठवड्याला तीस तास. गटाने शिकविले की तीनच. गट समान कुवतीचा असल्यामुळे पुढच्याला खोळंबावे लागत नसे आणि मागच्याची फरफट होत नसे. जे वारंवार सांगावे लागते ते त्याने हस्तलिखित टिपणांच्या रूपाने शिकवणीच्या खोलीत ठेवले. विद्यार्थी तेथे बसून त्याची नक्कल करून घेत. दर आठवड्याला प्रश्नांचा एक संच दिला जाई, उत्तरे तपासली जात, गुण सर्वांना पाहता येतील असे लावले जात आणि राउथने स्वतः लिहिलेली उत्तरे ताडून पाहण्यासाठी ठेवली जात. तीच गोष्ट दहा वेळा तोंडाने सांगण्यात शिक्षकाची शक्ती जाते, हे त्याने ओळखले होते. तोंडी शिकवण त्याने विषयाच्या गाभ्यासाठी राखली.

दुसरे पथ्य दिनचर्येचे. शिकविण्याचे तास ठरलेले होते, तशीच दुपारची फेरीही ठरलेली होती. विद्यार्थी वाढले म्हणून फिरणे बुडाले, असे त्याने होऊ दिले नाही.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. शिकवणी हा चरितार्थ असला तरी तेच सर्वस्व असे त्याने मानले नाही. घन पदार्थांच्या गतिशास्त्रावरील त्याचा ग्रंथ १८६० साली निघाला आणि पुढे वाढत जाऊन दोन खंडांचा झाला. गतीच्या स्थैर्यावरील निबंधाला १८७७ साली ॲडम्स पारितोषिक मिळाले. हालचालीत असलेली एखादी यंत्रणा धक्का बसल्यावर पुन्हा स्थिरावेल की बेताल होईल, हे ओळखण्याची त्याने दिलेली कसोटी आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकविली जाते. जो शिक्षक स्वतः शिकत राहतो, त्याला तोच धडा विसाव्यांदा सांगतानाही कंटाळा येत नाही. राउथचे ग्रंथ आणि त्याची शिकवण परस्परांना पोसत होती. अखेर कीर्ती शिखरावर असतानाच, १८८८ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्याने शिकवणी थांबविली. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्याचे तैलचित्र काढवून त्याच्या पत्नीला अर्पण केले. निवृत्तीनंतरही तो ग्रंथ लिहीत राहिला आणि १९०७ साली निवर्तला.

तरीही या यशाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. शिक्षक थकला नाही, म्हणून विद्यार्थी थकले नाहीत असे नव्हे. हॉपकिन्सकडे शिकणारा फ्रान्सिस गॉल्टन अभ्यासाच्या ताणाने आजारी पडला आणि त्याला मानाच्या परीक्षेचा नाद सोडावा लागला. १८५९ चा सीनियर रँग्लर जेम्स विल्सन परीक्षेनंतर खचला आणि बरा झाला तेव्हा उच्च गणित बहुतेक विसरून गेला होता. हे राउथचे विद्यार्थी नव्हते. पण शर्यत तीच होती. राउथने शर्यतीत धावण्याची उत्तम रीत बसवून दिली. शर्यत असावी की नाही, हा निर्णय त्याच्या हाती नव्हता. हार्डीसारख्या गणितज्ञांनी पुढे या पद्धतीवर कठोर टीका केली. १९०९ साली शेवटचा गुणानुक्रम जाहीर झाला आणि सीनियर रँग्लर ही पदवी अधिकृतपणे इतिहासजमा झाली. फेलोंना विवाहाची मोकळीक मिळाल्याने आणि महाविद्यालयांनी आपले वर्ग सुधारल्याने खाजगी शिकवणीचा पायाही तोवर खचला होता.

राउथचे गट, त्याची टिपणे, त्याचे ठरलेले तास यांचे अनुकरण कोणत्याही शिकवणीवाल्याला करता येईल, आणि अनेकांनी नकळत केलेही आहे. दुपारच्या त्या फेरीचे आणि वेळेवर थांबण्याचे अनुकरण मात्र फार थोड्यांना साधले. विद्यार्थी दारात उभे असताना, उद्याच्या निकालावर नाव अवलंबून असताना, दार लावून फिरायला निघणे यालाही धैर्य लागते. ते धैर्य त्याच्यापाशी होते, म्हणून तेहतीस वर्षे त्याची गाडी धावली आणि कोचवान धडधाकट उतरला.